आधी भरा, मग आवळा : जुन्या काळचे कॉर्सेट आणि वेगवेगळे बांधे

नाटकासाठी कॉर्सेट, म्हणजे कापडात ताठ पट्ट्या घालून नाडीने धडाभोवती आवळायचा जुना युरोपी आतला कपडा, शिवून घ्यायला जे कुणी येतं ते पहिल्यांदा आकडा सांगतं. “कंबर चोवीस इंच दिसायला हवी.” तो आकडा मी वहीत लिहीत नाही. मी विचारते, नाटक कुठल्या सालातलं आहे? मग नटीला समोर उभी करून तिच्या बरगड्या कुठे संपतात ते बोटांनी चाचपून बघते. या दोन गोष्टी कळल्या की पुढचं बेतणं सोपं होतं.

मी मूळची सांगलीची. आईकडे कटोरी ब्लाऊज बेतायला शिकले, लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला आले आणि इथल्या हौशी नाटक मंडळ्यांचे जुन्या काळातले कपडे शिवता शिवता कॉर्सेटमध्ये रमले. लेस्टरच्या जवळच मार्केट हार्बरो नावाचं गाव आहे. तिथे सिमिंग्टन कंपनीचा कॉर्सेटचा कारखाना होता. त्याच इमारतीत आता गावाचं संग्रहालय आहे आणि कंपनीने जपलेले कॉर्सेट लेस्टरशायरच्या सार्वजनिक संग्रहात आहेत. त्यात १८९० च्या सुमाराचा ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचा एक कॉर्सेट आहे. घरकाम करणाऱ्या मुलींसाठी काढलेला, स्वस्त आणि मजबूत म्हणून जाहिरात केलेला. म्हणजे कॉर्सेट घालून बायका जिने पुसत, बादल्या उचलत. श्वास कोंडून मूर्च्छा येणारी नाजूक सरदारीण एवढंच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांना मी हे आधी सांगते. बहुतेक बायकांसाठी तो छातीला आधार देणारा आणि घागऱ्यांचं वजन पेलणारा रोजचा आतला कपडा होता.

वजनाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. दिवसभर परकराची नाडी घट्ट बांधली की कमरेवर जो वळ उठतो तो साडी नेसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. अशा चार-पाच परकरांच्या नाड्या एकावर एक बांधा आणि वर कित्येक वार कापडाचा घागरा चढवा. कॉर्सेट असला की ते सगळं ओझं कातडीला न काचता सबंध धडावर पसरतं.

आता मुद्द्याचं. कॉर्सेट शरीर कमी करत नाही, हलवतो. कमरेवरून जे मांस सरकतं ते वर किंवा खाली कुठेतरी जातंच. प्रत्येक काळाने हे मांस कुठे न्यायचं ते वेगळं ठरवलं, आणि प्रत्येक बांध्यात ते वेगळ्या ठिकाणी असतं. म्हणून एकच नमुना सगळ्यांना बसवला की एकीला शोभतो आणि दुसरीला बोचतो. आणि जुन्या चित्रांमधली जी चण आपल्याला भुरळ घालते तिच्यातला मोठा वाटा आवळण्याचा नसून भरण्याचा आहे. छातीखाली पॅड, नितंबांवर गाद्या, फुगलेल्या बाह्या, पसरट घागरा. या सगळ्यांमध्ये मधली कंबर आपोआप बारीक दिसते.

बोटांनी काय बघायचं

अंगावर पातळ शमीज असू द्या. काखेखालून हात खाली नेत शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोहोंच्या मध्ये किती बोटं मावतात? चार मावली तर धड लांब, कॉर्सेटला काम करायला भरपूर जागा. दोनच मावली तर धड आखूड. आखूड धडाच्या बाईची कंबर फार आवळायला जाऊ नका, कारण तिथे आवळायला जागाच नाही. पट्टी एका टोकाला बरगडीत आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतते. अशा बाईला कॉर्सेट वरून आणि खालून दोन्हीकडे आखूड करायचा आणि नितंबांना गादी द्यायची.

मग त्याच जागेत अंगठा हलकेच दाबा. मऊ लागलं तर ते मांस सरकेल. टणक लागलं तर खाली स्नायू आहे, तो फारसा हलणार नाही. नाचणाऱ्या, पोहणाऱ्या मुली दिसायला बारीक असतात, पण कॉर्सेटमध्ये त्यांची कंबर इंचभरही कमी होताना मुश्कील. उलट चौतीस कंबर असलेली, अंगाने भरलेली बाई तीन-चार इंच सहज देते आणि वर म्हणते, पाठीला बरं वाटतंय. बारीक मुलीला कॉर्सेट सोपा आणि जाड बाईला अवघड असं लोकांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

बरगड्यांच्या शेवटच्या दोन जोड्या पुढून कशालाच जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्या थोड्या आत झुकतात. जोर द्यायचा तो त्यांच्या खाली. त्यांच्या वरच्या बरगड्यांना फक्त मिठी मारायची, दाबायचं नाही. श्वास तिथेच घ्यायचा असतो.

मापं अशी घ्या: भरलेली छाती, छातीखाली, कंबर, कमरेच्या हाडावर, नितंब. उभी मापंही तितकीच महत्त्वाची आहेत: छातीखालून कमरेपर्यंत, आणि कमरेपासून मांडीच्या घडीपर्यंत, तीही खुर्चीवर बसवून. हे शेवटचं माप चुकलं की बसताना पुढची पट्टी मांडीत रुतते आणि वरचं टोक हनुवटीकडे चढतं. कंबर उभ्याने एकदा मोजा, बसवून एकदा मोजा. दोन मापांत इंच-दोन इंचांचा फरक पडतो, आणि नाटकात जेवायच्या टेबलावरचा प्रवेश असेल तर बसलेलं माप धरायचं.

एक हिशेब बघा, म्हणजे आकड्याच्या मागे लागायची गरज का नाही ते पटेल. माणसाची कंबर लांबट गोल असते, पुढून रुंद आणि बाजूने चपटी. समजा पुढून ११ इंच रुंद आणि बाजूने ८ इंच. टेप लावली तर ही कंबर बरोबर ३० इंच भरते. कॉर्सेट तिला गोल करतो. तीच ३० इंचांची कंबर पुरती गोल झाली तर पुढून दिसते साडेनऊ इंच. टेपवर काहीही कमी न होता पुढून दीड इंच गेला! त्यात दोनच इंच आवळले, म्हणजे २८ झाली, तर पुढून नऊ इंचांहून कमी दिसते. प्रेक्षक समोर बसलेला असतो, त्याच्या हातात टेप नसते.

आधी काळ ठरवा

*सुळका : सोळावं ते अठरावं शतक*

या काळातल्या कपड्याला इंग्रजीत आधी ‘बॉडीज’ आणि पुढे ‘स्टेझ’ म्हणत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेतल्या पुतळ्यासाठी १६०३ मध्ये केलेली अशी एक ‘बॉडी’ आजही आहे. या कपड्यात वाळूच्या घड्याळासारखी चण नाही. धड उलट्या सुळक्यासारखं होतं: वर रुंद, खाली निमुळतं, पुढून सपाट. छाती खालून वर उचलली जाते आणि वरच्या काठावर गोल दिसते. कमरेचा घेर फार कमी करायचा नसतो. त्यामुळे हा कपडा मला सगळ्यांत दयाळू वाटतो. जवळपास प्रत्येक बांध्याला तो बसवता येतो.

शिवणकाम करणाऱ्यांना एक नाव सांगायला मला फार आवडतं. थॉमस पेन, ज्याच्या लेखनाने जोतीराव फुले १८४७ मध्ये भारावले, तो तरुणपणी स्टेझ बेतणारा कारागीर होता. इंग्लंडातल्या थेटफर्ड गावात वडिलांच्या हाताखाली तो हे काम शिकला. त्या काळी जाड कापडातून शेकडो उभ्या ओळी टाचायच्या आणि प्रत्येक ओळीत व्हेलच्या जबड्यातली पट्टी खुपसायची, म्हणजे मनगटात जोर लागे, आणि हा धंदा बहुतेक पुरुषांचा होता. ती व्हेलची पट्टी हाड नसते. आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिनची असते. अंगाच्या उबेने ती मऊ पडते आणि थोड्या दिवसांत घालणारीच्या अंगाचा बाक घेते. आज आपण ती वापरत नाही आणि वापरूही नये. वायरी बांधायचे प्लॅस्टिकचे रुंद, जाड केबल टाय तिच्या बऱ्याच जवळ जातात: कात्रीने कापता येतात, टोकं घासून गोल करता येतात, आणि तासाभरात अंगाला सरावतात.

भारी छातीच्या बाईला पुढच्या पट्ट्या उभ्या द्याव्यातच, शिवाय छातीच्या वर आडव्या, किंचित कमानदार पट्ट्या आतून घालाव्यात, नाहीतर वरचा काठ बाहेर कलंडतो. छाती लहान असेल तर काठाच्या आत, खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखं पॅड. पोट सुटलेलं असेल तर पुढचं टोक लांब ठेवा. ते ओटीपोटावर सपाट बसतं आणि वरून घागरा आला की काही दिसत नाही. खाली कमरेपासून ज्या पाकळ्या कापलेल्या असतात त्या नितंबांवर पसरण्यासाठी असतात. त्या चिरा बरोबर कमरेच्या रेषेवर सुरू व्हायला हव्यात. अर्धा इंच जरी खाली सुरू झाल्या तरी नितंब भारी असलेल्या बाईच्या कमरेत कापड काचतं, आणि अर्धा इंच वर गेल्या तर बारीक बाईच्या कमरेवर कपडा गोल गोल फिरतो.

बाळंतपणाचाही विचार त्या काळी होता. गरोदर बाईसाठी दोन्ही कुशींना वेगळ्या नाड्या असलेले स्टेझ शिवत, पोट वाढेल तशी नाडी सैल करायची. आज मी हीच युक्ती ज्या नटीचं वजन प्रयोगांच्या काळात खालीवर होतं तिच्यासाठी वापरते.

*उचललेली छाती : १७९५ ते १८२० च्या आसपास*

घागऱ्याची कंबर छातीखाली चढली आणि खरी कंबर लपली. इथे कॉर्सेटचं सगळं काम छातीचं. प्रत्येक बाजूला दोन त्रिकोणी कळ्या घालून वाटी तयार करतात आणि मधोमध लाकडाची एक सपाट पट्टी, तिला बस्क म्हणतात, खुपसतात. ती छाती दोन बाजूंना वेगळी ठेवते. कटोरी ब्लाऊज ज्याला नीट बेतता येतो त्याला या कळ्या हातखंडा जमतील. भारी छातीच्या बायकांना हा काळ फार मानवतो. सडपातळ, सरळ बांध्याच्या मुलींनाही. पोट मोठं असेल तर लांब कॉर्सेट घ्या, बेंबीखालपर्यंत. नाहीतर पातळ मलमलीच्या घागऱ्यातून ते दिसतं.

*वाळूचं घड्याळ : १८४० ते १८९०*

लोकांच्या मनातला कॉर्सेट हाच. यामागे यंत्रांचा हात आहे. १८२८ च्या सुमाराला धातूची आयलेट, म्हणजे नाडीच्या भोकात ठोकायच्या कड्या, आली. त्याआधी नाडीची भोकं हाताने काज करून बांधत, फार ओढलं की ती फाटत. १८२९ मध्ये पुढून उघडणाऱ्या, दोन भागांच्या बस्कचं पेटंट निघालं, जरी तो घरोघर पोचायला शतकाचा मध्य उजाडला. आता बाई स्वतःच्या हाताने कॉर्सेट घालू-काढू शकत होती. १८५६ मध्ये घागऱ्याखाली घालायचा पोलादी पिंजऱ्याचा क्रिनोलिन आला; त्या घेरदार घागऱ्यापुढे कुणाचीही कंबर बारीक दिसे, त्यामुळे त्या काळातले कॉर्सेट आखूड आणि तसे सौम्य आहेत. पुढे घागरे अंगालगत आले, पोट आणि नितंब दिसू लागले आणि कॉर्सेट लांबला. १८६० च्या दशकाच्या शेवटी खळ लावलेला कॉर्सेट धातूच्या साच्यावर वाफेने वाळवून आकार पक्का करायची पद्धत निघाली, आणि १८७३ च्या सुमारास खाली चमच्यासारखा रुंद होणारा, पोटाला आतून वळसा घालणारा स्पून बस्क आला.

बांध्यांचा खरा कस या काळात लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शिडशिडीत, सरळ बांधा असेल तर कंबर आवळायचा मोह सोडा. इंचभर घ्या, फार तर दीड. कॉर्सेट मात्र तिच्या अंगापेक्षा मोठा बेता: नितंबांवर दीड-दोन इंच आणि छातीवर इंचभर जास्त. ती रिकामी जागा पॅडने भरा. उभी राहिली की कुणाला कळणार नाही मांस कुठे संपलं आणि कापूस कुठे सुरू झाला. त्या काळच्या बायकाही हेच करत. छाती भरायच्या पॅडच्या जाहिराती तेव्हाच्या कॅटलॉगांत उघड छापलेल्या असत.

भरलेल्या, मऊ बांध्याला कंबर सहज तीन इंच देते, पण त्या तीन इंचांचं मांस कुठे जाणार याची सोय आधी करा. एक हिशेब देते. कंबर ३४, कमरेच्या हाडावर ४१. तीन इंच आवळले तर कंबर ३१. मागे नाडीची दोन इंच फट राहायला हवी, म्हणजे कॉर्सेट कमरेत २९ चा. हाडावर मात्र ४१ मध्ये एक इंच वाढवा, कारण वरचं मांस तिथे उतरणार; ४२ मधून फटीचे दोन वजा, ४० चा बेता. जी शिंपीण हा एक इंच वाढवत नाही तिच्या कॉर्सेटच्या खालच्या काठावर मांस ओसंडतं आणि मग दोष बाईच्या अंगाला दिला जातो. ते मला अजिबात खपत नाही. दोष बेताचा असतो. पाठीवर काखेखाली वळी पडत असेल तर मागचा काठ इंचभर वर न्या, पट्टी वाढवा. कापड दुहेरी घ्या आणि कमरेच्या रेषेवर आतून न ताणणारी सुती पट्टी शिवा. मऊ अंगाच्या कॉर्सेटला ताण जास्त येतो आणि ही पट्टी नसेल तर शिवण उसवते.

पोट पुढे असेल तर पुढून दाबू नका. कुशीतून घ्या. स्पून बस्क पोटाला खालून वर उचलतो, चपटं करत नाही. बस्कचा खालचा भाग पोटाच्या वळणाप्रमाणे हाताने आधी थोडा वाकवून घ्यावा लागतो. मी तो टेबलाच्या कडेवर, फडक्यात गुंडाळून, सावकाश वाकवते.

नितंब भारी आणि वरचं अंग बारीक असेल तर हा काळ तुमच्यासाठीच केलेला आहे. कुशीला मोठ्या कळ्या द्या आणि छातीला थोडं पॅड. एकच धोका: कॉर्सेट लांब ठेवला तर बसताना नितंब त्याला वर ढकलतात. म्हणून कुशीला आखूड, पुढे-मागे किंचित लांब. उलट खांदे रुंद आणि नितंब बारीक असतील तर वरचा भाग साधा ठेवा, गाद्या सगळ्या खाली. इथल्या ख्रिसमसच्या पँटोमाइम नावाच्या विनोदी नाटकात बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषांसाठीही मी असाच बेत वापरते. त्यांची कंबर आत जात नाही, नितंब मात्र हवे तेवढे वाढवता येतात.

एक खांदा खाली, एक कुशी वर, पाठीचा कणा किंचित वाकडा: असं जितक्या बायकांमध्ये असतं तितकं कुणी बोलत नाही. अशा वेळी डावा आणि उजवा भाग वेगळा बेता आणि खोलगट बाजूला आतून पातळ गादी लावा. जुने कारागीर हे करत. आणि मापं घेताना खोलीत तिसरं माणूस नको.

*पुढे छाती, मागे नितंब : १९०० ते १९०८*

फ्रान्समध्ये इनेस गाश-सारोत या वैद्यकी शिकलेल्या बाईंनी पुढून अगदी सरळ बस्कचा कॉर्सेट पुढे आणला. हेतू चांगला होता: पोटावरचा दाब कमी व्हावा, बरगड्या मोकळ्या राहाव्यात. फॅशनने तोच आकार टोकाला नेला आणि बायका छाती पुढे, नितंब मागे काढून उभ्या राहू लागल्या. ज्यांच्या कमरेला मुळातच मागून खोल बाक आहे त्यांना हा कॉर्सेट सहज जमतो. सरळ पाठीच्या नटीला त्यात वाकवून उभं करू नका, दुसऱ्या अंकापर्यंत तिची पाठ धरते. तिच्या छातीपुढे झालरींची दोन-तीन पदरी पट्टी बांधा, मागे कमरेखाली गादी द्या आणि ब्लाऊज पुढून कमरेवर सैल लोंबू द्या. आकार कपड्यातून येतो.

१९०८ नंतर कॉर्सेट खाली घसरला, मांडीपर्यंत गेला, नितंब चपटे करू लागला आणि छाती सोडून दिली. तिची सोय वेगळी झाली; १९१४ मध्ये अमेरिकेत ब्रेसियरचं एक गाजलेलं पेटंट निघालं. या काळाला सरळ बांध्याच्या मुली निवडा, बाकी सांगण्यासारखं फार नाही.

मांजरपाटाचा नमुना

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटात पूर्ण कॉर्सेट शिवा, पट्ट्या घाला, मागे तात्पुरत्या आयलेटच्या पट्ट्या टाचा आणि अंगावर चढवून नाडी बांधा. मग मागे जाऊन उभ्या राहा आणि फट वाचा. ही फट सगळं सांगते.

वरपासून खालपर्यंत सारखी दोन इंच फट असेल तर बेत बरोबर. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर छातीला कापड कमी पडतंय. खाली रुंद असेल तर नितंबांना. मध्ये जवळ आणि वर-खाली लांब असेल तर कंबर गेली आत, पण बाहेर सरकलेल्या मांसाला जागा मिळाली नाही, कळ्या वाढवा. आणि वर-खाली जवळ येऊन मध्ये फट पोटासारखी फुगली असेल तर तुम्ही तिच्या कमरेकडून जे मागताय ते ती देऊ शकत नाही. तेव्हा कागदावरची कंबर सोडून द्या. नाडी आणखी ओढली की आयलेट वाकतात आणि पाठीच्या पट्ट्या पिळवटतात.

फट बघून झाली की तिला बसवा, खाली वाकून बुटाची नाडी बांधायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, आणि भूमिकेतली सगळ्यांत लांब वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. आवाज छातीत अडकला तर वरचा भाग सैल करा. संग्रहालयातला कॉर्सेट मोजून ‘कंबर एकोणीस’ असं लिहिलेलं दिसतं तेव्हाही ही फट लक्षात ठेवा. ते माप पूर्ण मिटलेल्या कॉर्सेटचं असतं. बाईची कंबर त्याहून मोठी असे. शिवाय अगदी लहान मापाचे कपडे पुढे कुणाला होत नाहीत म्हणून न वापरता पेटीत राहतात, आणि मोठे वापरून झिजतात.

गाद्या

जाड सुती कापडाच्या पिशव्या शिवा, आत कापूस किंवा लोकर. मध्ये जाड आणि कडांना विरळ भरा. कड जाड राहिली तर कपड्यावरून रेघ दिसते. छातीचं पॅड खालून आणि बाहेरच्या कुशीतून लावायचं, पुढून कधीच नाही. नितंबांच्या गाद्या एका नाडीवर ओवून कॉर्सेटवरून बांधल्या की हव्या तशा सरकवता येतात. सगळ्या गाद्या लावून, वरचा पूर्ण पोशाख घालून, दहा पावलं लांब उभं राहून बघा. बहुतेक वेळा त्या क्षणी दिग्दर्शक स्वतःच म्हणतो की कंबर आणखी आवळायची गरज नाही.

घालताना, काढताना

आधी बूट, मग कॉर्सेट. हा क्रम चुकला की बूट दुसऱ्या कुणाला तरी घालून द्यावे लागतात. आत शमीज हवीच, चुणी नसलेली. मागची नाडी भरपूर सैल ठेवून पुढचा बस्क लावा, मग नाडी वरून कमरेकडे आणि खालून कमरेकडे थोडी थोडी ओढत आणा. कमरेपाशी दोन फासे सोडलेले असतात, शेवटची ओढ तिथे. पहिल्यांदा अर्धीच आवळा. पंधरा मिनिटं फिरू द्या, मग उरलेली. नवा कॉर्सेट तालमीत रोज थोडा वेळ घालायला दिला तर कापड आणि अंग दोन्ही सरावतात.

पायाला मुंग्या, बरगडीत कळ, जळजळ, श्वास पुरेना: यांपैकी काहीही झालं तर लगेच सैल करायचं, प्रयोग चालू असला तरी विंगेत येऊन. हर्निया, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी माप घेत नाही. प्रयोगाआधी पोटभर जेवण नको, थोडं थोडं खा. मध्यंतरात नाडी दोन इंच सोडा.

काढताना घाई करू नका. मागची नाडी आधी पूर्ण सैल करायची, मग पुढून बस्कच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे दाबून खिळी सोडवायच्या. नाडी ताणलेली असताना बस्क ओढला की खिळी वाकतात. शमीज धुवायला टाका. कॉर्सेट पाण्यात घालायचा नाही, पोलादी पट्ट्या गंजतात आणि डाग कापडावर उमटतात. आतली बाजू बाहेर करून खुर्चीच्या पाठीवर रात्रभर वाऱ्याला टाका. पॅड वेगळे काढून वाळवा आणि प्रत्येकावर नटीचं नाव आणि डावं की उजवं ते पक्क्या शाईने लिहा, कारण पुढच्या प्रयोगाच्या घाईत ते उलटे बसतात.